उजव्या बाजूचा बैल

सोनवणे मला कधी आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहीन ते कुणाला नुसतं कौतुक वाटायला नको. त्यांनाही मी आवडत नव्हतो, आणि ते त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत कळवलं होतं.

साठ सालानंतरची ती वर्षं. सिल्व्हासाला नवा कारभार बसत होता. मुंबईहून, कोकणातून, खानदेशातून कारकून, मास्तर, कंपाउंडर येऊन टोकरखाड्याच्या कौलारू खोल्यांतून राहत होते. मी शेतकीची पदवी घेऊन आलो होतो. माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. आमच्या घरातली ती पहिली पदवी. पत्र्याच्या नळीत घालून ती मी बरोबर आणली होती. खोलीत ठेवायला मन होईना, म्हणून पहिल्या दिवशी कचेरीतही घेऊन गेलो.

कचेरीच्या ओट्यावर एक सावळा, सुकलेला मनुष्य शेणाचा गोळा दोन बोटांत चोळून त्याचा वास घेत उभा होता. खाकी अर्धी विजार, पायांत टायरच्या चपला, खांद्याला मेणकापडाची पिशवी. मी नमस्कार केला. त्यांनी शेणाचा हात माझ्या नाकाजवळ आणला.

"कसला वास येतो?"

"शेणाचा," मी म्हणालो.

"बीएस्सी का?"

"हो."

"वाटलंच," ते म्हणाले आणि हात पुसायला निघून गेले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी बीएस्सीच राहिलो.

हे सोनवणे, आमचे स्टॉकमन. गुरांना टोचणं, औषध पाजणं, गोऱ्हे खच्ची करणं हे त्यांचं काम. शिक्षण सातवी, गाव अमळनेरच्या बाजूचं, बायकामुलं तिकडेच. डॉक्टर नव्हते, पण अख्ख्या नगरहवेलीत गुरांसाठी दुसरं कुणी नसल्यामुळे लोकांना तेच डॉक्टर. लोक मात्र डॉक्टर म्हणत नसत. पाड्यापाड्यांत त्यांचं नाव पडलं होतं, 'ढोरांचा जम', म्हणजे यम.

ते नाव त्यांनी कमावलं होतं. कुणाच्या अंगणात गेले तर बाजेवर बसत नसत, चहा घेत नसत. "आज चहा पाजणारा उद्या फुकटची सुई मागतो," असं यजमानाच्या तोंडावर म्हणत. गाईशी प्रेमाने बोलतात आणि माणसांवर खेकसतात अशी काही माणसं असतात. सोनवणे तसेही नव्हते. ते गाईवरही खेकसत. कानफटात मारून तिचा जबडा उघडत, नाक आत खुपसून श्वासाचा वास घेत. वास हे त्यांचं सगळं शास्त्र. शेण, लाळ, खुरातला पू, वैरण, पाणी, जे हाताला लागेल ते नाकाशी. कुणी काही सुचवायला गेलं की म्हणत, "इचार करून सांग. आणि इचार केलास म्हणजे सांगायची गरजच पडणार नाही."

त्यांच्या मेणकापडाच्या पिशवीत सुया, दोन बाटल्या, बांबूचं पाजायचं नळकांडं आणि कागदात बांधलेले पांढरे खडे असत. ते खडे त्यांनी बलसाडच्या एका फोटोवाल्याकडून आणले होते. फोटो धुवायला वापरतात तो हायपो. त्यावरून कचेरीत थट्टा चाले. शिपाई विचारायचा, "काय जमादार, म्हशीचा फोटो काढता का?"

"तुझा काढंल," सोनवणे म्हणायचे. "हार घालायला लागंल ना घरच्यांना."

तो मुलूख पावसाचा. चार महिने आभाळ फाटल्यासारखं ओतायचं, भात आणि नागली पिकायची, डोंगरउतारावर माणसाच्या छातीएवढं गवत वाढायचं. दिवाळीनंतर ते कापून, दाबून, गाठी बांधून गाड्यांनी वापीला जायचं आणि तिथून रेल्वेच्या वाघिणींनी मुंबईच्या तबेल्यांत. आपल्या गुरांसाठी साठवून ठेवायची रीत तिथे नव्हती. पुढच्या जूनला पुन्हा उगवणार, मग ठेवायचं कशाला?

सोनवण्यांना ते पाहवत नसे. मी रुजू झालो त्या हिवाळ्यात डोकमर्डीला ते एका भरलेल्या गाडीवर चढून बसले. गाडीवान रावजी नावाचा, कोकणा जमातीचा शेतकरी होता. घरचं भात, घरची नागली खाणारा, मान वर करून चालणारा माणूस. त्याची सावळ्या आणि बांड्या ही बैलजोडी त्या पट्ट्यात नावाजलेली होती.

"उतर खाली," रावजी म्हणाला.

"निम्मं गवत घरी टाकून ये, मग उतरतो."

"गवत माझा, गाडी माझी. तू कोण?"

"पाऊस दगा देईल तेव्हा काय खाईल हे ढोर? तुझा टावेल?"

"आमच्याकडे पाऊस दगा देत नाय," रावजी म्हणाला. "तुमच्याकडे देत असंल. तुमी माणसंच तशी."

भोवतीची माणसं हसली. सोनवणे उतरले नाहीत. शेवटी रावजीने गाडी तशीच हाकली आणि गवताच्या ढिगावर उकिडवा बसलेला हा मनुष्य शिव्या देत वापीपर्यंत गेला, तिथून चालत परत आला. मी त्या वेळी रावजीच्याच बाजूने हसलो होतो.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पाऊस चांगला पडला. रोपं उगवली, आणि लावणीच्या तोंडाशी पाऊस थांबला तो थांबलाच. आधी लोक गमतीने आभाळाकडे बघायचे, मग रागाने. रोपं पिवळी पडली, खाचरांना भेगा पडल्या, डोंगरावरचं गवत वीतभर वाढून तांबडं झालं.

कोरड्या मुलखातल्या माणसाला दुष्काळात वागायचं कसं हे ठाऊक असतं. तो पाला राखतो, वैरण मापून टाकतो, म्हातारं जनावर आधी विकतो. त्या मुलखाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लोक गुरं सोडून देत आणि संध्याकाळी ती परत येतील याची वाट बघत. गुरं यायची, रोज थोडी कमी. माणसांची तोंडं बदलली. पूर्वी रस्त्यात हात जोडणारे आता सरकारी माणूस दिसला की थुंकून वळायचे. कुणाच्या तरी अंगावर राग काढायला हवा होता आणि दुष्काळाला अंग नव्हतं.

सोनवण्यांना होतं. आणि सोनवणे ते रोज पुढे करत होते. सायलीच्या एका म्हातारीने मरायला टेकलेली गाय चौघांकरवी उचलून कचेरीत आणली. सोनवण्यांनी गाईच्या पापण्या उलटून पाहिल्या, श्वासाचा वास घेतला आणि म्हणाले, "महिन्यामागं आणायची होती. आता चामडं सोल." म्हातारी तिथेच बसली. मी सोनवण्यांना म्हणालो, "निदान गोड तरी बोला."

"मी गोड बोललो तर ही गाय उठंल का?"

"नाही."

"मग?"

त्या दिवसापासून मी त्यांचा मनापासून तिरस्कार करू लागलो, हे मान्य करतो.

श्रावणात साहेबांनी ठरवलं की डोकमर्डीला नदीकडे उतरणाऱ्या सरकारी माळावर वैरणीची ज्वारी करायची. साहेब मुंबईचे, मनाने चांगले, घाईचे. बी मी आणलं. पेरणीचा दिवस वहीत मी लिहिला. डोहातलं पाणी इंजिनाने चढवून महिनाभर दिलं. मग डोह आटला. ज्वारी गुडघ्यापर्यंत येऊन खुरटली. तरी ती ज्वारी होती, हिरवी होती, आणि सगळ्या पट्ट्यात दुसरं हिरवं नव्हतं.

त्या लोकांनी ज्वारी कधी लावली नव्हती. आमच्या कोकणातही नाही. आमच्यात ज्वारीचा माणूस एकच होता.

सोनवण्यांनी ती कापायला लावली आणि कापल्यावर कुणाला दिली नाही. उन्हात पसरून ठेवली. आठ दिवस, दहा दिवस. काडी हातात मोडून कट्ट आवाज येईपर्यंत. लोक कुंपणाबाहेर उभे राहून बघायचे. ओली वैरण डोळ्यांसमोर वाळवणारा माणूस त्यांना वेडा तरी वाटला असेल किंवा दुष्ट तरी. दुष्ट वाटणं सोपं होतं. वाळल्यावर त्यांनी ती वाटली, पण दर जनावरामागे एकच कवळा, आणि एखाद्याने दोन मागितले तर शिवी.

मग नवरात्रात एक सर आली. तासभर. खाचरांना तिचा काही उपयोग नव्हता. पण माळावर ज्वारीचे जे खुंट राहिले होते त्यांना फुटवे फुटले. आठ दिवसांत सगळा माळ हिरवागार झाला. रस्त्यावरून जाताना डोळे निवत. गुरं दुरूनच माना वर करून तिकडे बघायची.

सोनवण्यांनी करवंदीच्या काट्यांचं कुंपण दुहेरी केलं आणि सकाळपासून काठी घेऊन बांधावर उभे राहू लागले. आत घुसलेल्या एका गाईला त्यांनी इतकं झोडपलं की तिचं शिंग तुटलं.

रावजी सावळ्या-बांड्याला घेऊन कुंपणाशी आला तेव्हा मी तिथे होतो. बैलांची चौकाची हाडं वर आली होती, कातडं लोंबत होतं. ती जोडी जगली तर जूनला नांगर चालणार होता. नाही जगली तर उंबरगावच्या मिठागरावर दुसऱ्याची कुदळ हातात घ्यायची. हे त्याने मला आधी सांगितलं होतं. सोनवण्यांना सांगायची त्याची तयारी नव्हती.

"आत सोडू?" त्याने एवढंच विचारलं.

"सोड," सोनवणे म्हणाले. "मरतील."

"न खाऊन मरतातच."

"न खाऊन महिन्यानं मरतील. खाऊन पाव घंट्यात. मी सांगून ठेवतो, मरतील म्हणजे मरतील."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तो इशारा वाटला असता. त्या तोंडातून ती धमकी वाटली. रावजी बैल वळवून गेला. जाताना मला म्हणाला, "सायेब, तुमी शिकलेले. हिरवा दिसतो नि खाऊ देत नाय, हा कसला माणूस?"

मी सोनवण्यांना विचारलं. त्यांनी एक पान खुडून चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. मला हिरव्या पानाचा वास आला, तसं मी सांगितलं. "हं," ते म्हणाले. "किराळ आहे यात. आमच्याकडं शेंबडं पोर जाणतं." यापुढे समजावून सांगणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. आणि पुन्हा विचारणं मला.

दोन दिवसांनी खानवेलकडे लाळ-खुरकूत आल्याचा निरोप आला आणि सोनवणे पहाटे तिकडे गेले. सकाळी डोकमर्डी-सायलीचे पन्नासेक लोक कचेरीत आले. ओरडले नाहीत. ओट्याखाली उभे राहिले, एवढंच. साहेब बाहेर आले, परत आत गेले, मला बोलावलं.

"तुम्ही ॲग्रिकल्चर शिकलात ना? मग सांगा. ती ज्वारी गुरांना चालेल की नाही?"

मला ते ठाऊक होतं. खरोखर ठाऊक होतं. कोवळ्या ज्वारीत विष असतं (सोनवण्यांचं किराळ ते हेच), पीक वाढलं किंवा पुरतं वाळलं की ते जातं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण होते. मी वही उघडली. पेरणीचा दिवस पाहिला. बोटांवर मोजलं, मग खात्रीसाठी कागदावर मोजलं. एकाहत्तर दिवस झाले होते.

"पीक दोन महिन्यांच्या पुढे गेलंय," मी म्हणालो. "आता धोका नाही."

एकाहत्तर दिवसांचे ते खुंट होते. त्यांच्यावरची पानं आठ-दहा दिवसांची होती. माळ कचेरीपासून सायकलीने थोड्याच अंतरावर होता. मी वही पाहिली, माळ पाहिला नाही.

कुंपण मीच काढलं. हाताला काटे लागले त्याचंही मला त्या वेळी बरं वाटलं. अकरा जनावरं आत गेली. ती खात होती तो आवाज अजून आठवतो, करकर, करकर, जणू मोठी सर येतेय. बायका रडत होत्या, हसत होत्या. एका म्हाताऱ्याने माझ्या पायांना हात लावला.

सावळ्या पहिला पडला. आधी त्याने मान वर केली, जणू कुणी हाक मारली. मग पाय लटपटले आणि तो कुशीवर कोसळून तोंडाने श्वास ओढू लागला. रावजीला वाटलं उपाशी पोटी खाल्ल्याने भोवळ आली. तो शेपटी पिळून उठवायला गेला तोवर एक गाय पडली, मग दुसरी.

खानवेलचा रस्ता डोकमर्डीवरूनच येतो. लाकडांच्या एका ट्रकमधून सोनवणे परत येत होते. त्यांनी माळावर गुरं पाहिली आणि ट्रक पुरता थांबायच्या आधी उडी मारली.

"कोणी उघडलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मला मारलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. "गूळ आण. पाणी आण. मिळंल तेवढा," म्हणाले आणि जी गुरं अजून उभी होती त्यांच्यावर काठी घेऊन धावले. तोंडावर, पाठीवर, पोटावर मारत त्यांनी ती माळाबाहेर काढली. मग पिशवीतले फोटोवाल्याचे खडे, त्या विषावरचा उतारा, पाण्यात विरघळवून बांबूच्या नळकांड्याने पाजायला बसले.

लोकांनी काय पाहिलं? हा मनुष्य इतके दिवस म्हणत होता, मरतील. आज गुरं मरत होती. आणि हा येऊन उरलेल्यांना झोडपत होता, तोंडात काहीतरी पांढरं ओतत होता. "भुताळा!" कुणीतरी ओरडलं. "ह्यानंच इख घातला!"

पहिला दगड त्यांच्या पाठीला लागला, दुसरा कानाला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. बांड्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी मान न वळवता आवाज चढवला, "दगड नंतर मारा रे भडव्यांनो! आधी हा जबडा धरा कोणीतरी!"

आणि कुणाला वाटलं नसेल, पण रावजी पुढे आला आणि त्याने जबडा धरला. त्याच्याही दुसऱ्या हातात दगड होता. तो त्याने खाली ठेवला नाही.

मी गुळाच्या पाण्याची बादली घेऊन उभा होतो. "मी उघडलं, ह्यांनी नाही," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही.

सहा मेली, पाच वाचली. रावजीचा सावळ्या गेला, बांड्या राहिला. सायलीच्या सुकर नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडीही अशीच फुटली. त्याचा मोऱ्या तेवढा उरला. बाकीच्या गाई होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळं कागदावर लिहून, सही करून साहेबांकडे दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली, खणात ठेवलं. "तुमची नोकरी नवी आहे," ते म्हणाले. "आणि त्यांच्याविरुद्ध तक्रारी जुन्याच आहेत. गाईचं शिंग मोडलं, बायामाणसांना शिव्या दिल्या. बघतो." त्यांनी काय बघितलं ते पुढे मेमध्ये कळलं. सोनवण्यांच्या बदलीचा हुकूम आला.

कागदाची गोष्ट मी सोनवण्यांना त्याच दिवशी सांगितली होती. माफीच मागायची होती, पण तोंडातून कागदच निघाला. त्यांच्या कानाला पट्टी होती.

"लिवलास?"

"हो."

"तारीख घातलीस ना? तारखा तुला छान जमतात."

त्या हिवाळ्यात टोकरखाड्यात त्यांच्या कौलांवर दगड पडत. विहिरीवर बायका त्यांच्या घागरीला दोर देत नसत. कुणी जनावर दाखवायला आणेना. आणि हा मनुष्य रोज सकाळी काठी घेऊन डोकमर्डीला जाऊ लागला, बोलावलेलं नसताना.

त्याचं कारण असं. दोन घरांत एकेक बैल उरला होता, तर त्यांची जोडी करायची हे कुणालाही सुचलं असतं. पण बांड्या उजवीकडे चालणारा बैल होता आणि सुकरचा मोऱ्याही उजवीकडचा. बैल जन्मभर जुवाच्या एकाच बाजूला चालतो. त्याला वळायचं कुठे, रेटायचं कुठे, हे सगळं त्या बाजूने पाठ असतं. दोघांना एका जुवात घातलं की दोघेही एकाच जागेसाठी भांडत, शिंगाला शिंग लावत, जू मोडायला बघत. रावजीने दोनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. शिवाय आधी कुणाचं शेत नांगरायचं यावरून डोकमर्डी आणि सायलीत मारामारीची वेळ आली होती.

सोनवण्यांनी दोघांना बोलावून नियम सांगितला. "ज्याचा बैल बाजू बदलंल त्याचं शेत आधी. कष्ट त्याचे, मान त्याचा."

"बैल माझा आहे," रावजी म्हणाला. "तुला कोणी बोलावला?"

"बैल तुझा. अक्कल माझी. दोन्ही एका घरात असती तर मला यावं लागलं नसतं."

त्यांनी बांड्या निवडला. सहा महिने. आधी नुसता दाव्यावर डावीकडे बांधायचा. मग वैरण डावीकडून, पाणी डावीकडून, हाक डावीकडून. मग रिकामं जू. मग जुवाच्या उजव्या टोकाला स्वतः सोनवणे. हो, त्यांनी जू खांद्यावर घेतलं आणि बांड्याच्या उजवीकडे चालू लागले, वळणावर खांद्याने त्याला रेटत, शिव्या देत. पोरं टाळ्या पिटायची, "जम जुतला रे, जम जुतला!" रावजी कासरा धरून मागे चालायचा. सहा महिन्यांत त्या दोघांचं बैलाला घातलेल्या शिव्यांखेरीज बोलणं झालं नाही. वैरण कुठून यायची ते मला ठाऊक आहे: सोनवणे खानवेलच्या जंगलातून पळसाचा आणि आंजणाचा पाला डोक्यावर आणायचे. एकदा मी भारा उचलायला गेलो. "हात लावू नको," ते म्हणाले. "तू हात लावलेलं ढोर खातं आणि मरतं."

मी ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी मी धीर करून रावजीकडे गेलो. म्हटलं, "कुंपण मी काढलं. दोष माझा. सोनवण्यांनी तर वाचवली."

रावजी तंबाखू चोळत होता. "ठाऊक आहे आमाला," तो म्हणाला. "आमी काय आंधळे? तूच काढलास."

"मग त्यांच्या घरावर दगड का?"

त्याने तंबाखू तोंडात टाकली. "तू चुकलास. पण तू बोलतोस माणसासारखा. तो बरोबर असंल. पण आमाला जनावर समजतो. बरोबर आहे म्हणून आवडायला पायजे का?"

मी सायकलला टांग मारली आणि परत निघालो.

सोनवणे गेले तो दिवस जूनमधला. त्या सकाळी ते आपली पत्र्याची पेटी घेऊन डोकमर्डीला आले, खानवेलहून येणाऱ्या ट्रकची वाट बघत रस्त्याकडेला उभे राहिले. निरोप द्यायला कुणी नव्हतं. मी सायकलवरून मागोमाग गेलो, पेटी उचलायला वाकलो.

"पेटीला हात लावू नको."

मी हात मागे घेतला. मला आभार मानायचे होते. त्या दिवसानंतर मी कुठल्याही शेतकऱ्याला वहीतून उत्तर दिलं नाही. आधी शेतात जातो, गुडघ्यावर बसतो, पान चुरगळून नाकाशी धरतो, आणि मग बोलतो. चाळीस वर्षं मी त्यावर भाकरी खाल्ली. तेव्हा मी नुसता नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही. ते रस्त्यापलीकडे बघत होते.

तिथे रावजीचं खाचर होतं. ठरल्याप्रमाणे पहिलं रावजीचं. जुवाच्या उजवीकडे सुकरचा मोऱ्या, डावीकडे बांड्या, मागे नांगरावर रावजी, आणि बांधावर सुकर, आपली पाळी मोजत उकिडवा बसलेला. नांगराची दोन तासं सरळ गेली. तिसऱ्याच्या वळणावर बांड्या अडला. जुनी सवय जागी झाली असावी. तो मोऱ्याच्या अंगावर दाबू लागला, नांगर वाकडा झाला, रावजीने चाबूक उगारला.

ट्रक आला. सोनवण्यांनी पेटी वर टाकली, स्वतः लाकडांच्या ओंडक्यांवर चढले. रावजीने त्यांना पाहिलं. चाबूक तसाच वर होता. मला वाटलं, आता तरी दोघांपैकी एकजण काही बरं बोलेल.

ट्रक हलला तसे सोनवणे ओंडक्यांवर उभे राहिले, तोंडाभोवती हातांची ओंजळ केली आणि त्या माळावर कित्येक महिने ऐकलेल्या त्याच चिडक्या आवाजात ओरडले,

"ए येड्या! डाव्याला मारू नको! तो अजून स्वतःला उजवाच समजतो!"

रावजीने चाबूक खाली घेतला. मग तो पुढे होऊन बांड्याच्या उजव्या अंगाला गेला आणि खांद्याने त्याला हळूहळू डावीकडे रेटू लागला.